‘तापमान सोडल्यास’ : चॅलेंजरच्या आदल्या रात्रीचे दोन फॅक्स

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अंतराळयानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल या कंपनीने युटामधील आपल्या कार्यालयातून नासाकडे काही तासांच्या अंतराने दोन फॅक्स पाठवले. पहिला तेरा पानांचा होता. ओ-रिंगचे, म्हणजे बूस्टरच्या सांध्यातील फट बंद करणाऱ्या रबरी रिंगेचे, तापमान किमान ५३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस, असल्याखेरीज चॅलेंजर यानाचे उड्डाण करू नये, अशी त्याची शिफारस होती. दुसरा फॅक्स एका पानाचा होता आणि उड्डाण ठरल्याप्रमाणे २८ जानेवारीलाच करावे, असे त्यात म्हटले होते. या दोहोंच्या मधल्या वेळात कोणतीही नवी चाचणी झाली नाही की नवे मोजमाप हाती आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडाले, ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिकेसह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

या दुर्घटनेच्या तांत्रिक कारणांविषयी आणि नासाच्या कार्यपद्धतीविषयी विपुल लेखन झालेले आहे. प्रस्तुत अभ्यासाचा विषय त्याहून मर्यादित आहे. एकाच माहितीच्या आधारे एका रात्रीत दोन परस्परविरुद्ध शिफारशी कशा लिहिल्या गेल्या, याचे उत्तर त्या पानांच्या शैलीत आणि युक्तिवादाच्या बांधणीत कितपत सापडते, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे म्हणणे असे की, दुसऱ्या फॅक्समधील युक्तिवादाची मुळे पहिल्याच फॅक्समध्ये आहेत. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘याउलट’ असे दुवे नसलेल्या सुट्या मुद्द्यांची रचना दोन्हींत एकसारखीच आहे. अशा रचनेत एका वाक्यातील अपवाद गळून पडला तरी तो गळाल्याचे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि या प्रकरणात नेमके तेच घडले.

पार्श्वभूमी

यानाला वर ढकलणारे घन इंधनाचे बूस्टर तुकड्यांच्या स्वरूपात युटाहून रेल्वेने फ्लोरिडाला येत आणि केनेडी अंतराळ केंद्रात एकमेकांना जोडले जात. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन रिंगा असत, एक मुख्य आणि दुसरी राखीव. सुमारे ३.७ मीटर व्यासाच्या बूस्टरभोवती फिरणाऱ्या या रिंगेची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर होती. प्रज्वलन होताच आतील दाबाने सांधा किंचित उघडे, आणि त्या क्षणार्धात रिंगेने फुलून फट भरून काढणे अपेक्षित असे. रबर थंड असेल तर ते कडक होते आणि त्याला मूळ आकारात यायला वेळ लागतो. ऑगस्ट १९८५ मध्ये कंपनीने नासाच्या मार्शल केंद्राला आपल्या प्रयोगशाळेतील चाचणीचे निष्कर्ष कळवले होते. १०० अंश फॅरेनहाइटला रिंगेचा धातूशी असलेला संपर्क सुटत नव्हता, ७५ अंशांना तो २.४ सेकंद सुटत होता आणि ५० अंशांना दहा मिनिटे थांबूनही तो पुन्हा जुळला नाही, तेव्हा चाचणी थांबवण्यात आली.

प्रत्यक्ष उड्डाणांचे पुरावेही होते. जानेवारी १९८५ मधील उड्डाणात रिंगेचे तापमान ५३ अंश होते. परत आणलेल्या बूस्टरच्या दोन सांध्यांत मुख्य रिंगेच्या पलीकडे निसटलेल्या वायूची काजळी सापडली. तिने परिघाचा एका सांध्यात ८० अंशांचा, तर दुसऱ्यात ११० अंशांचा कंस व्यापला होता. ऑक्टोबर १९८५ मधील उड्डाणात तापमान ७५ अंश असूनही वायू निसटला होता, पण काजळीचा कंस ३० ते ४० अंशांपुरताच होता. कंपनीच्या कागदपत्रांत या उड्डाणांच्या मोटरींना, म्हणजे बूस्टरच्या घन इंधनाच्या इंजिनांना, अनुक्रमे १५ आणि २२ हे क्रमांक आहेत, तर चॅलेंजरच्या शेवटच्या उड्डाणाची मोटर २५ क्रमांकाची आहे. पुढील विवेचनात हेच क्रमांक वापरले आहेत.

जुलै १९८५ चे टिपण

दोन्ही फॅक्सकडे वळण्यापूर्वी त्याच कंपनीतील एका वेगळ्या मजकुराकडे पाहणे आवश्यक आहे. ३१ जुलै १९८५ रोजी अभियंता रॉजर बोजोले यांनी अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना एक अंतर्गत टिपण पाठवले. त्याची सुरुवात कार्यालयीन कर्मणी प्रयोगात आहे: रिंगांच्या झिजेचा प्रश्न किती गंभीर आहे याची व्यवस्थापनाला पूर्ण जाणीव व्हावी, म्हणून हे पत्र लिहिले जात आहे. पुढे मात्र शैली बदलते. नोझलच्या सांध्यात मुख्य रिंग बसलीच नाही आणि राखीव रिंग झिजली, ही घटना ते सांगतात. हेच जर बूस्टरच्या तुकड्यांमधील सांध्यात घडले, आणि तसे घडू शकते, तर राखीव रिंग सांधा उघडण्याच्या वेगाला पुरी पडणार नाही, आणि त्याचा परिणाम मनुष्यहानीत, अत्यंत भीषण दुर्घटनेत होईल, असे ते लिहितात. अखेरीस आपल्याला वाटणारी भीती प्रामाणिक आणि खरी असल्याचे ते प्रथमपुरुषात नोंदवतात.

या टिपणातील ‘जर... तर... कारण...’ ही साखळी महत्त्वाची आहे. प्रत्येक विधान पुढच्या विधानाला बांधलेले आहे, आणि शेवटचे विधान माणसांच्या जिवाविषयी आहे. वाचणाऱ्याला निष्कर्ष अमान्य करायचा असेल तर त्याला साखळीतील एखादी कडी तोडून दाखवावी लागेल, म्हणजेच प्रतिवाद करावा लागेल. तांत्रिक लेखनात भावना नको, हा आपल्याकडेही अभियांत्रिकी शिक्षणात रुजलेला संकेत आहे. परंतु येथे ‘भीती’ हा शब्द तांत्रिक मूल्यमापनाचा भाग म्हणूनच आलेला आहे, कारण ती भीती कशाची आणि कोणत्या यंत्रणेतून उद्भवणारी, हे आधीच्या वाक्यांत सांगितलेले आहे. टिपणात एक मोठी उणीवही आहे. त्यात थंडीचा उल्लेख नाही. शिवाय त्यावर ‘कंपनीपुरते खासगी’ असा शिक्का होता, त्यामुळे हा सर्वांत बांधेसूद युक्तिवाद कंपनीबाहेर जाण्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

तेरा पाने

२७ जानेवारीला रात्री पावणेनऊला सुरू झालेल्या दूरध्वनी बैठकीसाठी पाठवलेली तेरा पाने घाईत तयार झालेली होती आणि त्यांतील बरीचशी हाताने लिहिलेली होती. युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशा तीन ठिकाणी माणसे फॅक्सची पाने समोर ठेवून बोलत होती. काजळीचा इतिहास, रबराच्या चाचण्या, तापमानाचे तक्ते असे त्यात बरेच काही आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीने शेवटची दोन पाने कळीची आहेत, निष्कर्षांचे आणि शिफारशीचे.

निष्कर्षांच्या पानावरील पहिलेच विधान असे आहे की, वायू निसटण्यावर परिणाम करणारा तापमान हा एकमेव घटक नाही. त्याखाली मोटर १५ मध्ये ५३ अंशांना आणि मोटर २२ मध्ये ७५ अंशांना वायू निसटला, अशी नोंद आहे. मग चार चाचणी-मोटरींमध्ये ४७ ते ५२ अंशांना वायू निसटला नाही, आणि त्यांत पुट्टी (उष्ण वायू रिंगेपर्यंत पोहोचू नये म्हणून सांध्यात भरला जाणारा लेप) वेगळ्या पद्धतीने भरलेली असल्याने त्यांची कामगिरी चांगली झाली, असे म्हटले आहे. त्यानंतर ५० अंशांच्या आसपास सांध्यांतून वायू निसटू शकतो, आणि उद्या सकाळी नऊला तापमान २९ अंश फॅरेनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्याही खाली, असेल, हे मुद्दे येतात. शेवटचे विधान असे: तापमान सोडल्यास, मोटर २५ ही मोटर १५ पेक्षा वेगळी असल्याचे दाखवणारी माहिती आपल्याकडे नाही.

हे पान लिहिणाऱ्यांना उड्डाण थांबवायचे होते, हे बैठकीच्या सर्व वृत्तांतावरून निःसंशय आहे. तरीही पानाची बांधणी त्यांच्या हेतूच्या विरोधात जाते. आपल्या बाजूचे मुद्दे आणि विरुद्ध बाजूने काढता येतील असे मुद्दे एकाच पातळीवर, एकाच आकाराच्या ठिपक्यांखाली बसवलेले आहेत. कोणता मुद्दा पुरावा आहे, कोणता संभाव्य आक्षेप आहे आणि कोणता त्या आक्षेपाचे उत्तर आहे, हे सांगणारा एकही शब्द नाही. पुट्टीविषयीचे विधान खरे तर चाचणी-मोटरींचा दाखला बाद करणारे आहे. त्या मोटरी प्रत्यक्ष उड्डाणातील मोटरींसारख्या नव्हत्या, म्हणून त्यांवर विसंबू नये, असे त्यातून म्हणायचे असावे. परंतु ‘म्हणून’ लिहिलेलेच नसल्यामुळे ते एक सुटे निरीक्षण होऊन राहते. पहिल्या विधानाचेही तेच. तापमान हा एकमेव घटक नाही, याचा अर्थ तापमान हा घटक नाही असा होत नाही. ७५ अंशांना दुसऱ्या एखाद्या कारणाने वायू निसटला असेल, तर थंडीमुळे तो निसटण्याची शक्यता त्याने तसूभरही कमी होत नाही. ही गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती, पण ते वाक्य पानावर नाही.

शिफारशीचे पान त्याहून कमजोर आहे. ओ-रिंगचे तापमान ५३ अंश किंवा अधिक असले पाहिजे, ही शिफारस ठसठशीत आहे. पण तिच्या खाली आधार म्हणून दिलेले मुद्दे पाहावेत. पहिला, ४७ ते ५२ अंशांना चाचणी-मोटरींत वायू निसटला नाही. दुसरा, मोटर १५ ने ५३ अंशांना काम केले. पहिला मुद्दा ५३ या मर्यादेला आधार देत नाही, उलट तिच्याखालीही चालू शकेल असे सुचवतो. दुसऱ्या मुद्द्यातील ‘काम केले’ हे क्रियापद ज्या उड्डाणात तोवरची सर्वांत वाईट गळती झाली त्याविषयी वापरलेले आहे. आदल्याच तक्त्यांत जे उड्डाण इशारा म्हणून मांडले, तेच येथे सुरक्षिततेची पायरी म्हणून आलेले आहे. ५३ हा आकडा अनुभवाच्या सीमेवरून घेतला होता, म्हणजे याखाली आपण कधी उडालो नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तो कारणमीमांसेतून आलेला नव्हता, आणि ज्या चाचणीने कारणमीमांसा पुरवली असती, ५० अंशांना दहा मिनिटांतही संपर्क न जुळण्याची चाचणी, ती या पानाशी जोडलेली नाही.

मार्शल केंद्राचे लॅरी मुलॉय यांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. माहिती निर्णायक नाही, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनी नवा निकष काढते आहे, असा त्यांचा आक्षेप होता. उड्डाण कधी करायचे, पुढच्या एप्रिलमध्ये का, असा त्यांचा उद्विग्न प्रश्न पुढे चौकशीत बराच गाजला. बोजोले यांना त्यांची चिंता आकड्यांत मांडायला सांगण्यात आले. ते आपल्याला शक्य नाही, पण आपण चांगल्या अनुभवापासून दूर जात आहोत एवढे आपल्याला माहीत आहे, असे त्यांनी सांगितले. तोवरच्या पद्धतीत उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असे. त्या रात्री मात्र ते असुरक्षित आहे हे निःसंशय सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आला, अशी साक्ष त्यांनी नंतर दिली. हा भार उलटला, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तेरा पानांची भाषा तो भार पेलण्यासाठी लिहिलेली नव्हती. बाजू मांडताना जे आपोआप समजले जाईल असे लेखकांना वाटले, तेच स्पष्ट लिहिण्याची गरज निर्माण झाली.

न मांडलेली उड्डाणे

या पानांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांत ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली त्यांचाच विचार आहे, इजा न झालेली उड्डाणे विचारात घेतलेली नाहीत. जून १९८६ मधील अध्यक्षीय चौकशी आयोगाच्या अहवालाने ती तुलना केली: ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तिघांतच रिंगांवर उष्णतेचा परिणाम दिसला, तर ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत तो दिसला. एवढे एक वाक्य त्या रात्री पानावर असते तर ७५ अंशांच्या उड्डाणाचा प्रतिदाखला फिका पडला असता. माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी याच मुद्द्यावरून अभियंत्यांच्या तक्त्यांवर कठोर टीका केली. बोजोले आणि त्यांच्या सहलेखकांनी २००२ मध्ये त्याला उत्तर दिले. सर्व उड्डाणांच्या रिंगांचे तापमान त्या रात्री अभियंत्यांच्या हाती नव्हतेच, आणि टफ्टी यांच्या आलेखात हवेचे तापमान व रिंगेचे तापमान यांची गल्लत झाली आहे, असा त्यांचा प्रतिवाद होता.

मला येथे अभियंत्यांची बाजू अधिक न्याय्य वाटते. हाती नसलेल्या माहितीचा आलेख न काढल्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण हाती असलेली कारणमीमांसा शिफारशीशी जोडली गेली नाही, ही उणीव उरतेच, आणि ती आलेखाच्या अभावापेक्षा वाक्यरचनेच्या अभावाची आहे.

एक पान

मुलॉय यांच्या आक्षेपानंतर कंपनीचे उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांनी आपसांत चर्चेसाठी पाच मिनिटे मागून घेतली. ही चर्चा सुमारे अर्धा तास चालली. बोजोले आणि आर्नी थॉम्पसन यांनी छायाचित्रे व रेखाटने दाखवून पुन्हा समजावण्याचा प्रयत्न केला. वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन यांनी लुंड यांना अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. अखेर चौघा व्यवस्थापकांनी निर्णय घेतला आणि किलमिन्स्टर यांच्या सहीने दुसरा फॅक्स गेला.

त्याचा पहिला मुद्दा: गणितानुसार मोटर २५ च्या रिंगा मोटर १५ च्या रिंगांपेक्षा २० अंशांनी थंड असतील. दुसरा: मुख्य रिंगेतून वायू निसटेल का हे सांगण्यास तापमानाची माहिती निर्णायक नाही. नंतर ‘अभियांत्रिकी मूल्यमापन’ या शब्दांखाली उपमुद्दे येतात. थंड रिंगा अधिक कडक होतील. कडक रिंगांना बसायला अधिक वेळ लागेल. मोटर १५ च्या तुलनेत मुख्य रिंगेपलीकडे अधिक वायू जाऊ शकेल. येथपर्यंत ही बोजोले यांचीच साखळी आहे आणि तिचा रोख स्पष्टपणे उड्डाणाच्या विरोधात आहे. त्याच यादीत, त्याच पातळीवर पुढचा मुद्दा असा: मोटर १५ मध्ये झालेल्या ०.०३८ इंच झिजेच्या तिप्पट झीज होऊनही रिंग फट बंद करू शकते, हे सिद्ध झालेले आहे. म्हणजे प्रश्न रिंगेच्या वेगाचा चालू होता आणि उत्तर तिच्या झिजेच्या खोलीचे दिले गेले. दोन्ही राशी वेगळ्या आहेत, एकीतील सवलत दुसरीच्या कामी येत नाही. अशा ‘तिप्पट’ सुरक्षिततेच्या कल्पनेवर आयोगाचे सदस्य व भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अहवालाच्या परिशिष्टात घेतलेला आक्षेप आणखी मूलगामी आहे. रिंग झिजावी अशी रचनाच नव्हती, त्यामुळे झीज हे काहीतरी चुकत असल्याचे चिन्ह होते, तिच्यातून सुरक्षिततेचे माप काढता येत नाही.

त्यापुढचे वाक्य: मुख्य रिंग बसली नाही तर राखीव रिंग बसेल. येथे क्रियापदांचे बलाबल पाहण्यासारखे आहे. वायू ‘जाऊ शकेल’ असे संभाव्यतेचे रूप धोक्याच्या बाजूला आहे, आणि ‘बसेल’ असे निश्चिततेचे रूप दिलाशाच्या बाजूला. पुरावा मात्र नेमका उलट होता. डिसेंबर १९८२ मध्येच या सांध्याची वर्गवारी बदलून, त्यात राखीव रिंगेचा भरवसा धरता येत नाही असे अधिकृतपणे नोंदवले गेले होते, आणि जुलै १९८५ च्या टिपणातही हेच म्हटले होते. एका मुद्द्याच्या ओळीत अशी नोंद खोडून काढता आली, कारण त्या नोंदीचे काय झाले, असे विचारणारी जागाच मजकुरात नव्हती.

शिफारशीखाली शेवटी येणारे विधान असे: मोटर २५ ही मोटर १५ पेक्षा लक्षणीयरीत्या वेगळी असणार नाही.

हे वाक्य तेरा पानांपैकी निष्कर्षांच्या पानावरील शेवटच्या विधानाचे वंशज आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. तेथे ‘तापमान सोडल्यास’ हा अपवाद होता, आणि संपूर्ण बैठक त्या अपवादाविषयीच होती. तेथे विधान माहितीच्या अभावाविषयी होते, वेगळी असल्याचे दाखवणारी माहिती नाही, असे. येथे अपवाद गेला, ‘माहिती नाही’ याचे ‘वेगळी असणार नाही’ असे भाकीत झाले, आणि ‘लक्षणीयरीत्या’ हे क्रियाविशेषण कोणत्याही मापाशिवाय जोडले गेले. पहिल्या मुद्द्यात २० अंशांचा फरक आणि अखेरच्या विधानात लक्षणीय फरक नसणे, ही विसंगती एकाच पानावर उभी आहे. सलग परिच्छेदात ही दोन वाक्ये शेजारी आली असती तर लिहिणाऱ्याला मध्ये ‘तरीही’ घालावे लागले असते आणि त्या ‘तरीही’चे कारण द्यावे लागले असते.

या पानाने अपघात घडवला, असा दावा मी करत नाही. निर्णय आधी झाला होता, मजकूर नंतर लिहिला गेला, आणि दबाव, वेळापत्रक व अधिकारांची उतरंड यांचा वाटा भाषेपेक्षा कितीतरी मोठा आहे. केनेडी केंद्रात उपस्थित असलेले कंपनीचे प्रतिनिधी अॅलन मॅकडोनाल्ड यांनी शिफारशीवर सही करण्यास नकार दिला, हा त्या रात्रीचा सर्वांत स्पष्ट प्रतिवाद होता आणि तो कोणत्याही तक्त्यात नव्हता. परंतु अशा निर्णयाला लेखी रूप देता आले, त्यावर सही करता आली आणि ते पुढे पाठवता आले, याला मुद्द्यांची ही रचना सोयीची ठरली.

शेवटी हे पान बैठकीबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने वाचून पाहावे. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना, ५३ अंशांखाली उडू नये अशी लेखी शिफारस आधी झाली होती, याची कल्पना नव्हती, असे आयोगाने नमूद केले आहे. हे एक पान त्यांच्या हाती पडले असते तरी ती कल्पना त्यांना आली नसती. त्यात ५३ हा आकडा नाही, २९ हा आकडा नाही, आणि कंपनीच्या अभियंत्यांनी विरोध केला होता याचा उल्लेख नाही. मोटर १५ चे तापमान ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच ‘२० अंशांनी थंड’ याचा अर्थ लागू शकतो.